सैल हात

२४ मार्च

नळ चौथ्या दिवशी आला. दोन ड्रम आणि सात बादल्या भरून घेतल्या. पाऊण तासात गेला.

नलूला जाऊन आज चव्वेचाळीस दिवस. इतके दिवस मागचं दार उघडलंच नव्हतं. आज उघडलं, कारण एक ड्रम मागे आहे. तिची परसबाग अर्धी वाळली आहे. शेवगा ठीक. लिंबू ठीक. वांग्याच्या सहा रोपांपैकी चार गेली. मेथीचा वाफा म्हणजे नुसती माती. मोगऱ्याला तांब्याभर पाणी टाकलं, दिसेनासं झालं. आणखी टाकलं.

आंघोळीचं पाणी बागेत जावं म्हणून तिने मोरीला नळी लावून घेतली होती. ती निघाली होती. तारेने बांधली.

२६ मार्च

कपाटात खाली तिची कापडी पिशवी मिळाली. पिवळ्या लोकरीचे चार गुंडे, दहा नंबरच्या सुया आणि सुईवर तसाच राहिलेला छोटा स्वेटर. पाठीचा भाग. पायलच्या बाळासाठी घेतला होता. जानेवारीत सुरू केला तेव्हा मी म्हटलं होतं, जूनमध्ये होणाऱ्या बाळाला स्वेटर कशाला? म्हणाली, पावसाळ्यात लागतो, तुमाले काय समजते.

ओळी मोजल्या. अठ्ठेचाळीस. टाके चौसष्ट. पिशवी परत ठेवली.

३१ मार्च

पायलचा फोन. डॉक्टरने तारीख दिली – २० जून. मी कॅलेंडरवर खूण केली. 

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पण इथे आता करणार कोण? मी एकटा. ती अवघडून बसेल, येऊ की नको म्हणून, सासरच्यांसमोर. म्हणून मीच मोकळं केलं तिला. म्हटलं, "तुझी सोय जिकडे चांगली तिकडे राहा. पांढरकवड्याला दवाखाने चांगले आहेत. इकडची काळजी करू नको."

ती म्हणाली, "बरं."

व्यवस्थित बोललो असं वाटलं.

३ एप्रिल

लालीबाई आल्या. शेजारच्या. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, तांड्यावरच्या पण वीस वर्षं आमच्या भिंतीला लागून. नलू आणि त्या रोज दुपारी ओट्यावर बसून विणायच्या. आता त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचं आहे. विणणं बंद.

मी त्यांना पिशवी दिली. म्हटलं, तुमच्या नजरेत कोणी असेल तर पुरा करून घ्या. त्यांनी सुईवरचं विणकाम चाचपलं, खूप वेळ चाचपलं. मग पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"मले टाका दिसत नाई. पन हाताले समजते. तुमी विना, मी सांगते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

४ एप्रिल

सुलट टाका शिकलो. एक ओळ, एक तास दहा मिनिटं.

७ एप्रिल

सुलट, उलट. एक ओळ सुलट, एक उलट, की कापड सपाट येतं. आधी जुन्या लोकरीवर शिकलो. लालीबाई शेजारी बसून बोटं फिरवतात. हाताला घाम सुटतो, लोकर सुईला चिकटते. बाहेर एकेचाळीस.

त्यांचं एकच म्हणणं – "हात सैल सोडा, बाबू. तिकीट नाई फाडून राह्यले तुमी."

मी कधी तिकिटं फाडली नाहीत. मी वाहतूक नियंत्रक होतो. एकतीस वर्षं राळेगाव स्टँडच्या खिडकीत. गाडी लावली, नोंद केली, माईकवरून सांगितली. हे त्यांना ठाऊक आहे.

१० एप्रिल

आज नलूच्या विणकामावर पहिली ओळ घातली. एकोणपन्नासावी.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात गेलो. वंदना झाली. दरवर्षी मिरवणुकीतल्या लोकांना पाणी द्यायला नलू असायची, आज मी उभा राहिलो. तीनशे ग्लास तरी दिले असतील. दोघं-तिघं म्हणाले, थूल साहेब, बरं केलं बाहेर निघाले.

पायलने जयंतीचा फोटो पाठवला. निळी साडी, पोट दिसतं आता. चेहरा नलूच्या मोठ्या बहिणीसारखा होत चाललाय. जावई – धम्मरत्न – मागे उभा आहे, डोळे मिटलेले.

१६ एप्रिल

आठ ओळी झाल्या होत्या. लालीबाईंनी कापड हातात धरलं, खालून वर अंगठा नेला आणि एका जागी थांबल्या.

"इथं नलूबाईचा हात संपते."

बरोबर तिथेच. मी पाहिलं तर डोळ्यालाही दिसतं. माझे टाके घट्ट. तिथून स्वेटर आत गेला आहे, चांगला दोन बोटं. उसवा म्हणाल्या. उसवलं. आठ ओळी, सहा दिवस.

१९ एप्रिल

मेथीचे दाणे पेरले. वर नलूची जुनी सुती साडी बांधली, सावलीसाठी. हिरवी जाळी मिळते बाजारात, पण तिची पद्धत साडीची होती.

२२ एप्रिल

मेथी उगवली. दुपारपर्यंत माना टाकल्या.

२५ एप्रिल

दुसऱ्यांदा उसवलं. या वेळी जरा ओढ जास्त बसली आणि नलूची एक ओळ निघून आली. एका झटक्यात चौसष्ट टाके सुईशिवाय उघडे. घरात मी एकटा होतो. सुई आत घालताना एक टाका खाली घरंगळला, तो दुसऱ्या सुईने वर आणला. सगळे सापडले.

तिच्या ओळी आता सत्तेचाळीस.

२७ एप्रिल

पुण्याहून मुलगा संघदीप, सुरभी आणि समीक्षा आले. पंधरा दिवस राहतील. समीक्षा आठ वर्षांची झाली. घरात आल्याबरोबर म्हणाली, आजी कुठे झोपायची? मी दाखवलं. ती तिथे जाऊन झोपली. गाडीच्या प्रवासाने थकली होती.

२९ एप्रिल

घरात माणसं असली की वेळ पुरत नाही. पहाटे पाणी, मग बाग, मग बाजार. संघदीपला वांग्याची भाजी आवडते, सुरभीला नाही. कूलरला दोन वेळा पाणी लागतं. विणायला दुपारचा एकच तास राहतो.

समीक्षाने पाहिलं. "आजोबा, तुम्ही विणता?" म्हटलं, हो. "पप्पा नाही विणत." म्हटलं, त्याला कुठे येतं. ती जाऊन त्याला म्हणाली, पप्पा, तुम्हाला येत नाही. संघदीप माझ्याकडे बघत राहिला. आपल्या घरात कोणी फार बोलत नाही, तो माझ्यावरच गेला आहे. बोलायची ती नलू.

१ मे

समीक्षाने भर दुपारी बागेला पाणी दिलं. प्रेमाने दिलं. वांग्याचं एक रोप गेलं. आता एकच.

३ मे

पायलचं डोहाळजेवण परवा, सासरी. आम्हा सगळ्यांना बोलावणं. मी हिरवी साडी आणली, दुकानदाराने दाखवली त्यातली तिसरी. सुरभी म्हणाली छान आहे.

मी मात्र जात नाही. बायकांचा कार्यक्रम. घरात तीन महिन्यांपूर्वीच असं झालेलं. आमच्यात तसं काही पाळत नाहीत, हे मलाही माहीत आहे. तरी नको. मला पाहून सगळ्यांना नलू आठवेल आणि पायलचा दिवस खराब होईल. संघदीपला म्हटलं, तुम्ही तिघं जा.

५ मे

ते सकाळी गेले, संध्याकाळी आले. कार्यक्रम चांगला झाला. समीक्षाने तीन लाडू खाल्ले. साडी पायलला आवडली. थोडी रडली म्हणे.

"आईची आठवण आली असेल," सुरभी म्हणाली.

संघदीप हातपाय धुता धुता म्हणाला, साधनाताई विचारत होत्या, बाबा कधी येतात म्हणून. साधनाताई म्हणजे पायलच्या सासूबाई. मी विचारलं, तू काय सांगितलं? "सांगितलं, ऊन उतरलं की येतील."

बरोबर सांगितलं.

८ मे

संघदीपने विषय काढला. पुण्याला चला, इथे एकटे काय करता? मी म्हटलं, बघू. बागेचं कारण दिलं. तो बागेकडे पाहत राहिला. एक वांगं, एक शेवगा, एक लिंबू, एक मोगरा. माझ्याजवळ दुसरं कारण नव्हतं.

१० मे

शेपू पेरला. मागच्या भिंतीकडे, जिथे दुपारी अकरानंतर ऊन नसतं. पोत्यांचे तुकडे ओले करून झाकले.

शेपू पेरल्यापासून चाळीस दिवसांत कापायला येतो. दहा मे अधिक चाळीस – एकोणीस-वीस जून. बाळंतिणीला शेपू लागतो, मेथी लागते. दूध येतं त्याने. नलूच्या दोन्ही वेळी तिची आई रोज करायची.

पायल इथे येणार नाही ते माहीत आहे. बी घरात होतं म्हणून पेरलं.

११ मे

लालीबाईंनी भिंतीवरून पाहिलं.

"इतका शेपू कोन खाईन? तुमी त वासानंच उठून जाता."

खरं आहे. मला शेपू आवडत नाही.

१२ मे

रविवार. संघदीप वगैरे सकाळच्या गाडीने गेले. समीक्षाने जाताना विणकाम मोजलं, तिला मोजायला आवडतं. चोपन्न. म्हणाली, बाळ यायच्या आधी होईल का? म्हटलं, होईल. घर एकदम मोठं झालं.

१५ मे

चव्वेचाळीस अंश.

१७ मे

तिसऱ्यांदा उसवलं. नलूची ओळ शाबूत राहिली. या वेळी आधीच तिच्या शेवटच्या ओळीत लाल दोरा ओवून ठेवला होता – टाका सुटला तरी पुढे जाणार नाही. लालीबाईंना सांगितलं. म्हणाल्या, हे मले कोनी शिकवलं नाई. ही युक्ती माझ्याच डोक्यातून निघाली. बरं वाटलं.

त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. हात सैल. "घट्ट धरलं म्हनजे टाका पळत नाई असं वाटते तुमाले. तो तसाई पळते."

२० मे

शेपू उगवला. बोटभर. सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडतो, नळीने दिलं तर झोपतो. मेथी पुन्हा पेरली, ही तिसरी; दुसरी उगवलीच नव्हती. दोन्ही वाफ्यांवर साड्या. लांबून पाहिलं तर कोणी कपडे वाळत घातले आहेत असं वाटतं.

२३ मे

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहार. घरी खीर केली, लालीबाईंना विचारून विचारून. तांदूळ जास्त झाला, पातेलंभर. त्यांच्याकडे दिली, मागच्या घरी दिली, तरी उरली.

दुपारी पायलचा फोन.

"खीर केली का, बाबा?"

"केली."

"कोनी?"

"मीच."

मग म्हणाली, "मंग?"

मी म्हटलं, मग काय? म्हणाली, काही नाही. पाय सुजतात म्हणाली. मी म्हटलं, उशीवर ठेवून झोप, आई तसंच करायची. हो म्हणाली. फोन ठेवला.

आवाज बारीक वाटला. उकाडा आहे.

२५ मे

पायलच्या खोलीतला पंखा आवाज करतो. तेल दिलं. खोली झाडून घेतली. पलंग खिडकीपासून बाजूला केला, सकाळचं ऊन थेट येतं. दिवाळीत समीक्षा वगैरे येतील तेव्हा उपयोगी पडेल.

लालीबाई उद्या पांढरकवड्याला जाणार, भाचीचं लग्न आहे. पायलसाठी लिंबं दिली, वीस.

२७ मे

आज सविस्तर लिहावं लागेल.

लालीबाई सकाळी आल्या. ओट्यावर बसल्या. पाणी घेतलं नाही. म्हणाल्या, काल लग्नाच्या आधी लिंबं द्यायला पायलकडे गेले होते. मी विचारलं, कशी आहे?

त्यांनी सांगितलं ते असं. दाराशी पिशवी भरून ठेवली आहे. कपडे, डॉक्टरची फाइल, बाळाची दुपटी. डोहाळजेवणापासून ठेवली आहे. त्याच दिवशी मी येईन आणि तिला घेऊन जाईन असं सगळ्यांनी धरलं होतं. मी आलो नाही. मग त्यांना वाटलं, रविवारी येतील. साधनाताईंनी शनिवारी रात्री वड्यांची डाळ भिजवली – व्याही येणार म्हणून. मी आलो नाही. पुढच्या रविवारी पुन्हा. काल तिसरा रविवार. लालीबाई गेल्या तेव्हा घरात वडे होते आणि दारात पायल होती.

"नऊ धाची गाडी अकराले पोचते. पोट्टीले पाठ हाय. तेवढ्या टायमाले ते बरोबर दारात येऊन उभी राह्यते. मी दिसली त मांगं पाहे, आनखी कोनी हाय का म्हनून."

मी म्हटलं, "तिने येते म्हणून कधी सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एका डोळ्याने दिसतं त्यांना, तरी बरंच दिसतं.

"पोट्टी आपल्या तोंडानं म्हनन का, मले न्या म्हनून? सासरी बसून? न्याले जा लागते, बाबू. मायबापानं जा लागते. नलूबाई असती त –"



मला ठाऊक नव्हतं असं नाही. संघदीपच्या वेळी नलूचे वडील तिला घ्यायला आमच्या गावी आले होते. बैलगाडीत कडबा, त्यावर गोधडी. माझ्या आईने पाणी दिलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला, "पोरीले न्याले आलो" म्हणाले आणि मगच प्याले. मी तिथेच उभा होतो. पायलच्या वेळीही तेच आले होते. सगळं पाहिलेलं आहे. पण ते मी करायचं आहे हे डोक्यात आलं नाही. अशी कामं नलू करायची. बोलावणं, आणणं, रुसवे काढणं. मी सोबत जायचो, पिशव्या धरायला.

मी तिला मोकळं केलं असं समजत होतो. तिला ते, येऊ नको, असं ऐकू गेलं. पावणेदोन तासांचा रस्ता. दिवसाला पाच गाड्या – सहा वीस, नऊ दहा, साडेअकरा, दोन चाळीस, पाच. एकतीस वर्षं मी त्या माईकवरून सांगितल्या. खोली झाडली, पंख्याला तेल दिलं, शेपू पेरला आणि प्रवासी येईल म्हणून घरात बसून राहिलो.

लालीबाई उठताना म्हणाल्या, बाळंतपणाचं मी पाहते. मालिश, शेक, सगळं. अंगणवाडीत तीस वर्षं दुसरं काय केलं? "तुमी फक्त आना तिले."

उद्या सहा वीस.

२८ मे

सहा वीस अकरा मिनिटं उशिरा लागली. खिडकीत शंकरसिंग होता, माझ्यानंतर आलेला. "साहेब, ड्यूटीवर?" म्हणाला. मी म्हटलं, आज प्रवासी. त्याने खिडकीजवळची जागा द्या म्हणून कंडक्टरला सांगितलं. नको म्हटलं, पण बसलो.

हातात शेवग्याच्या शेंगा आणि मेथीची एक जुडी. तिसऱ्या पेरणीतली, आठ दिवसांची, बोटभरच होती. तरी उपटली.

सव्वाआठला पोचलो. पायल दारात नव्हती. तिची वेळ अकराची, आणि आज रविवारही नाही. साधनाताई झाडत होत्या. खराटा खाली ठेवला, पदर घेतला, आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. मी ग्लास घेतला आणि खाली ठेवला. मला वाटलं होतं शब्द सुचणार नाहीत. गाडीत दोनदा मनात म्हणून पाहिले होते.

"साधनाताई, मी पायलला न्यायला आलो. डोहाळजेवणालाच यायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

त्या म्हणाल्या, "पानी घ्या आधी." मी घेतलं. मग म्हणाल्या, "तीन रैवार वडे केले, भाऊ. आज मंगळवार हाय. आज खिचडीच भेटन." आणि आत पाहून मोठ्याने म्हणाल्या, "पायल, तुह्या बाबाले सापडलं आपलं घर."

पायल बाहेर आली. भिंतीला हात धरून चालते आता. ती माझ्याकडे आली नाही, आधी पिशवीकडे गेली. पिशवी उचलायला वाकणार तोवर मी उचलली.

"लालीकाकूनं सांगतलं ना?"

"हो."

"तुमीच म्हनाले होते, सोय जिकडे तिकडे राहा."

"ते चुकीचं बोललो. सोय नाही माझ्याकडे फार. पण घरी चल."

ती रडली नाही. "लिंबं गोड नसतात, बाबा," म्हणाली, "पन मी रोज एक खाल्लं." काल-परवा मिळून दोनच दिवस झाले होते. ते मी बोललो नाही.

धम्मरत्नने डॉक्टरला फोन करून विचारलं. हळू न्या म्हणाले. त्याने मित्राची गाडी आणली. ऊन चढायच्या आत निघालो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तो "सॉरी" म्हणत होता, कोणाला ते समजलं नाही. पायल मागच्या सीटवर आडवी, डोकं माझ्या मांडीजवळ. वडकीच्या पुढे झोप लागली तिला.

लालीबाई दारात उभ्या होत्या. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला तिच्यावरून.

३० मे

घरात आवाज आहे. पायलने स्वयंपाकघरातले डबे तिच्या आईच्या जागेवर परत लावले. मी माझ्या सोयीने हलवले होते.

इथल्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं. पाळण्याची दोरी तपासली, मजबूत आहे. कूलर तिच्या खोलीत हलवला.

संध्याकाळी तिने शेपू पाहिला. "तुमी पेरला? तुमी?" आणि हसायला लागली. पोट धरून हसली, मला भीती वाटली. विचारलं, कधी पेरला? तारीख सांगितली. मग तिने बोटांवर दिवस मोजले. हसणं थांबलं. मोगऱ्याची दोन फुलं तोडून आत गेली.

१ जून

नळ नाही. टँकर आला. शेपूला भांड्याचं पाणी.

२ जून

दुपारी पायलने पिशवी मागितली. तिला विणता येतं, नलूने शिकवलं होतं, लग्नानंतर सुटलं. तिने स्वेटर मांडीवर पसरला. लाल दोऱ्यावर बोट ठेवलं. खालचं पाहिलं, वरचं पाहिलं. दोरा ओढून काढला. मग सुईही काढली आणि लोकर ओढायला लागली.

माझ्या चौदा ओळी गेल्या. मला वाटलं तिथे थांबेल. थांबली नाही. नलूच्या सत्तेचाळीस, खालची किनार, सगळं. मांडीवर नुसती वाकडीतिकडी लोकर.

"बाळाले घालाचा हाय, बाबा. पेटीत नाई ठेवाचा."

मी जवळ सरकून बसलो. मग विचारलं, "हात कुठे धरू?"

"असे. समोर." तिने माझ्या दोन्ही मनगटांवर लोकर चढवली. "अन् सैल."